लाल ठिपक्याचा कप

पोटाचं दुखणं कुणी चारचौघांत सांगत नाही. शुगर सांगतात, बीपी सांगतात, गुडघ्यांचं तर इतकं सांगतात की ऐकणाऱ्याचे दुखायला लागतात. पण 'मला सारखं संडासला पळावं लागतं' हे सांगायला जीभ वळत नाही. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "लिहून द्या तुम्ही. तुमच्यासारखे आणखी पेशंट येतात, फार घाबरलेले असतात. वाचून त्यांना धीर येईल." लिहितोय मॅडम. धीर येईल का असलेला जाईल, ते मात्र मला सांगता येत नाही.

मी संजय. लोणावळ्यात टुरिस्ट गाडी चालवतो. धबधबा कुठून छान दिसतो ते तुम्हाला कुणीही सांगेल. कुठल्या पॉइंटवर संडास आहे, त्याला पाणी आहे का, आतून कडी लागते का, हे विचारायचं असेल तर माझ्याकडे या. मधली काही वर्षं मी दुसरं काही बघितलंच नाही. एकदा घाटात गाडी बाजूला घेऊन मला झुडपात पळावं लागलं. परत आलो तर गाडीतली बाई नवऱ्याला म्हणत होती, "ड्रायव्हर प्यायलेला वाटतोय, आपण उतरू या." आयुष्यात थेंब घेतला नाही मी. पण खरं सांगण्यापेक्षा दारुडा म्हणवून घेणं परवडलं, म्हणून गप्प बसलो.

राहायला आम्ही लोणावळ्याजवळ बेडसे गावात. घर आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आबा रेल्वेत गँगमन होते, बेगडेवाडीपासून घाटापर्यंत त्यांनी रुळाला हात लावला नाही अशी जागा नसेल. आता ऐंशी ओलांडलीत. आई गेली. घरात आबा, मी, माझी बायको रेखा आणि कॉलेजात जाणारी आमची मुलगी.

आमच्या घरची एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मावळात भात पिकतो, लोक भात खातात. आबांच्या लहानपणी गहू फक्त सणाला दिसायचा, तोही दुसऱ्याच्या घरात. त्यामुळे रेल्वेचा पगार सुरू झाल्यावर आबांनी ठरवलं, आपल्या घरात रोज चपाती आणि रोज दुधाचा चहा. पाहुणा आला की ते आतल्या खोलीकडे बघून मुद्दाम मोठ्यानं ओरडायचे, "चपात्या टाका गं, भाकरी नको!" आम्हा पोरांना लाज वाटायची. आता कळतं ते का ओरडायचे.

*

दुखणं सुरू झालं तेव्हा मी ते बाहेरच्या खाण्यावर ढकललं. मग जंत झाले, अमिबा झाला, अल्सर झाला, एका डॉक्टरनं टीबी म्हणून सांगितलं. प्रत्येकाच्या गोळ्या खाल्ल्या. पोट फुगायचं, रात्रभर कळा, सकाळी अंगात जीव नाही. वजन इतकं उतरलं की पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडली, तीही पुरेनात. गाडीच्या स्टँडवर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, मोठा आजार दिसतोय. कुणी माझ्या ग्लासातून पाणी प्यायचं टाळायला लागलं. शिरगावच्या साईमंदिरात जाणाऱ्या एका गिऱ्हाइकानं तर माझी अवस्था बघून पुडीत बांधलेली उदी हातात ठेवली. घरी नेली तर आबांनी ती उचलून न्हाणीत टाकली. "असलं न्हाई चालायचं या घरात. दवाखाना काय मेलाय का?"

आबांचं म्हणणं खरं होतं. मी पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेलो.

घशातून दुर्बीण घातली, आतड्याचा तुकडा काढला, रक्त तपासलं. रिपोर्टच्या दिवशी रेखा आणि मी बाकावर बसून होतो. रेखानं घरून डबा आणला होता, तो मांडीवर घट्ट धरून बसली होती. मॅडमनी आत बोलावलं. म्हणाल्या, "कॅन्सर नाही." रेखा तिथंच रडायला लागली. मॅडम पुढं म्हणाल्या की तुमच्या आतड्याला गहू सोसत नाही, गव्हानं ते आतून घासून घासून गुळगुळीत झालंय. गहू जन्मभर बंद. आणि आतडं भरून येईपर्यंत दूधही बंद, चहातलंसुद्धा.

बाहेर आलो. रेखानं सवयीनं डबा उघडला. चपाती, बटाट्याची भाजी आणि वाटीभर दही. मी त्या डब्याकडे बघून असा हसत सुटलो की शेजारचा म्हातारा दचकला. हसता हसता कधी रडायला लागलो ते माझं मलाच कळलं नाही. भूक लागली होती हो. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि समोरचं सगळं विष.

*

मॅडमनी बजावून सांगितलं होतं, "नुसतं खायचं नाही एवढंच नाही. तुमची भांडी वेगळी हवीत. तवा वेगळा, परात वेगळी, ताट, कप, डबा, सगळं वेगळं. गव्हाचा कण लागला तरी त्रास होणार."

रेखानं सगळं नवं आणलं. तांदळाची नि नाचणीची भाकरी करायला लागली. तिचे हात चपातीला बसलेले, सुरुवातीला भाकरी तव्यावर टाकताना तुटायची आणि ती स्वतःवरच चिडायची. स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर माझी वेगळी फळी झाली. भांडी सारखीच दिसतात, म्हणून तिनं मुलीचं नेलपॉलिश घेतलं आणि माझ्या प्रत्येक भांड्याला एकेक लाल ठिपका दिला. कपाला कानाजवळ, ताटाला काठावर.

संध्याकाळी आबा पाणी प्यायला आत आले. फळीकडे बघत उभे राहिले.

"हे कुनाचं?"

"माझं, आबा. डॉक्टरांनी सांगितलंय वेगळं ठेवायला."

"तुजं येगळं? आन आमचं येगळं?"

"आजारामुळं, आबा."

"माज्या घरात येगळं भांडं," ते एवढंच म्हणाले. पाणी न पिताच बाहेर गेले, आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत. आम्हाला वाटलं म्हातारपणाचा राग आहे, निवळेल. पोटाच्या गडबडीत मी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

*

पहिले काही आठवडे काय सांगू तुम्हाला! पोट गप्प झालं. सकाळी उठून मी नुसता अंथरुणात पडून राहायचो, काही दुखत नाही याची मजा घेत. गाडीतून गिऱ्हाइकांना घेऊन निघालो की गाणं लावायचो. स्टँडवर कोरा चहा प्यायचो आणि लोक हसायचे, "काय साहेब, डाएट का?" हसा लेको, म्हटलं. वजन काट्यावर जरा वर सरकलं तेव्हा रेखानं मला मिठीच मारली, मुलगी समोर असताना.

आणि मग एक दिवस परत कळा सुरू झाल्या.

पहिल्यांदा वाटलं काहीतरी चुकून गेलं असेल. पण दुसऱ्या आठवड्यात परत, मग रोज. परत तेच फुगलेलं पोट, तेच झुडूप, तेच भोकं पाडणं. आधी निदान माहीत नव्हतं, म्हणून आशा होती. आता निदान होतं, पथ्य होतं, सगळं पाळत होतो, आणि तरी मरत होतो.

मॅडमनी रक्त तपासलं आणि चष्म्यावरून बघितलं. "गहू जातोय पोटात."

"नाही मॅडम. शपथ."

"रिपोर्ट खोटं बोलत नाही. बाहेर काही खाता का? वडापाव?"

मी नाही म्हटलं. पण मॅडमनी रेखाकडे बघितलं आणि रेखानं माझ्याकडे. तेवढ्यानं सगळं नासलं.

घरी आल्यावर रेखा म्हणाली, "खरं सांगा, मी रागावणार नाही. स्टँडवर सगळे पाव खातात. एखाद वेळी होतं माणसाकडून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तूच नीट करत नाहीस. चपातीच्या हातानं माझी भाकरी थापतेस."

"मी हात साबणानं धुते. नखं कापून टाकलीत मी तुमच्यापायी!"

असं महिनोन् महिने चाललं. ती माझे खिसे तपासायची, गाडीत पावाचा चुरा सापडतो का बघायची. मी तिची परात बोटानं पुसून बघायचो. एकमेकांशी कामापुरतं बोलायचो. मुलगी जेवण घेऊन टीव्हीसमोर बसायला लागली. आणि त्या फळीवरचे लाल ठिपके सारखे निघून जायचे. रेखा म्हणायची, "हल्लीच्या नेलपॉलिशला दमच नाही," आणि परत लावायची. कधी ठिपका नसलेला कप पुढं आला तर आम्ही अंदाजानं ठरवायचो, हाच असेल माझा.

आबा हे सगळं बाहेरच्या ओट्यावर बसून ऐकायचे. बुद्धपौर्णिमेला विहारातून खीर आली. मी नाही म्हटलं. आबांनी वाटी पुढं केली ती तशीच धरून ठेवली. "इहारातली खीर बी न्हाई?" मी म्हटलं, दूध आहे आबा, नाही चालत. ते वाटीकडे बघत राहिले, मग स्वतः खाऊन टाकली. माझ्याशी बोलणं त्यांनी जवळजवळ थांबवलंच.

त्या उन्हाळ्यात मॅडमनी स्पष्ट सांगितलं. असंच चालू राहिलं तर आतडं भरून येणार नाही, जबर औषधं सुरू करावी लागतील, आणि अशा जुन्या जखमेत पुढं गाठ धरण्याची भीती असते. घरी येताना बसमध्ये रेखानं माझा हात धरला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत मुलीच्या लग्नाला आपण असू का याचा विचार करत होतो. खोटं कशाला सांगू, एकदा घाटातल्या वळणावर गाडी उभी करून खाली दरीकडे बघत बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं गाडीत. बराच वेळ बसलो. मग पोटात कळ आली आणि संडास शोधायला निघालो. ज्या पोटानं जगू दिलं नाही, त्यानं मरूही दिलं नाही.

*

एका दुपारी गिऱ्हाइकानं ट्रिप रद्द केली म्हणून लवकर घरी आलो. रेखा बचत गटाच्या मीटिंगला गेलेली, मुलगी कॉलेजात. मागच्या दारानं आत शिरलो तर आबा न्हाणीपाशी पाटावर बसले होते. समोर माझं ताट, माझा तवा, माझा कप. हातात दाढीचं ब्लेड. ते सावकाश, एकेक करून, भांड्यांवरचे लाल ठिपके खरवडत होते. शेजारी त्यांचा स्वतःचा कप, त्यात दुधाचा चहा आणि खारीचा चुरा तरंगत होता. मी बघत असतानाच त्यांनी तो चहा माझ्या कपात ओतला, खारी बुडवून खाल्ली, कप नळाखाली नुसता विसळला आणि दोन्ही कप एकत्र पालथे घातले. मग उठून माझा तवा गॅसवर चढवला आणि त्यावर सकाळची चपाती गरम करायला ठेवली.

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "आबा, तुम्ही मला मारताय! कळतंय का? रेखानं नाही, मी नाही, तुम्ही मारताय मला!"

आबा दचकले नाहीत, काही नाही. त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला.

"बस हितं," म्हणाले.

"बसत नाही."

"मग हुबा राहून ऐक. बाजारात हाटेल व्हतं. भाईर खिडकीच्या कट्ट्यावर आमचं कप पालतं ठिवलेलं असायचं. आपुनच उचलायचा, आपुनच धुवायचा. हाटेलवाला किटली घिऊन यायचा आन वरनं वतायचा. कपाला किटली लागू द्यायचा न्हाई. माज्या बापानं तसला चा जलमभर पिला. मी बी पिला. धम्माची दीक्षा घेतली त्या सालापासनं बापानं सांगितलं, येगळ्या कपात न्हाई प्यायचं, तानलेलं मेलं तरी चालंल." त्यांचा आवाज फाटला. "आन तू माज्याच घरात येगळा कप मांडलास, संज्या. त्याच्यावर ठिपक्याची खून बी केलीस. म्या काय करायचं?"

"पण हा आजार आहे आबा!"

"त्ये बी आसंच म्हनायचे. आमच्या हातनं लागतं म्हनायचे."

राग गेला नव्हता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. तव्यावरची चपाती जळायला लागली, तिचा वास घरभर झाला. मी गॅस बंद केला आणि आत जाऊन पडलो.

रेखाला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. "आणि मी तुमचे खिसे बघत होते," एवढंच म्हणाली.

*

आबांना मी मॅडमकडे घेऊन गेलो. ते धोतर नेसून, टोपी घालून आले, परीक्षेला बसल्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसले. मॅडम भल्या बाई. त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं, आवाज चढवून हळूहळू समजावलं. "आजोबा, तुम्ही गहू खाल्लेला हात त्यांच्या कपाला लागला, तरी त्यांना बाधतं. म्हणून वेगळं. समजलं ना?"

आबांनी चित्रावर बोट ठेवलं. "म्हंजी माजा हात त्येच्या कपाला लागला, तर त्यो आजारी."

"बरोबर."

"म्हंजी इटाळच की, बाई."

मॅडमना शब्द कळला की नाही माहीत नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हां, तसंच समजा."

मी त्या क्षणी टेबलाखालून पाय मारायला हवा होता, खुर्ची पाडायला हवी होती, काहीतरी करायला हवं होतं. आबांनी मान हलवली. "व्हय. आता कळलं," म्हणाले.

*

पुढचं तुम्हाला ऐकायचं असेल ते सांगतो. मी बरा झालो. पोट गप्प आहे, वजन भरलं, रिपोर्ट चांगले आले, पट्ट्याची जुनी भोकं परत लागायला लागली. रेखानं घरातून गहूच काढून टाकला, पिठाचे डबे घासून उन्हात वाळवले. आता सगळ्यांनाच भाकरी, सगळ्यांनाच कोरा चहा. मुलगी कुरकुरली, मग सवय झाली. रेखा आणि मी परत बोलतो. तुम्हाला हा आजार असेल तर एवढं करा: घरातल्या प्रत्येकाला दवाखान्यात न्या, पहिल्याच दिवशी न्या, आणि समजावून कोण सांगतंय, कोणत्या शब्दांत सांगतंय, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

कारण आबा आता आत जेवत नाहीत.

दवाखान्यातून आले त्याच दिवशी त्यांनी आपलं ताट-वाटी उचलून बाहेरच्या ओट्यावर नेली. नातीकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि आपल्या कपावर लाल ठिपका काढला. मी पाया पडलो. "आबा, आता घरात गहूच नाही, कशाला वेगळं?" म्हणाले, "इतकी वर्सं खाल्लाय. अंगात मुरलाय माज्या." मी म्हटलं, तसं नसतं आबा. म्हणाले, "तुला म्या वरीसभर मारलं. आता नगं."

परवा मी माझी भाकरी घेऊन मुद्दाम ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ते सरकले. मी सरकलो, ते आणखी सरकले, खांबापर्यंत गेले. "वारं हिकडनं हाय," म्हणाले, "तू लांब बस."

तेवढ्यात रेखा चहाची किटली घेऊन बाहेर आली. आबांनी खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला आपला कप उचलला, तांब्यातल्या पाण्यानं स्वतःच विसळला आणि हात लांब करून पुढं धरला. रेखा वाकली तसा त्यांनी कप खाली घेतला.

"वरनं वत, पोरी. किटलीला लागू दिऊ नगंस."